अधांतरी उभे राहण्याची शिकवणी

आमच्या गावात हेलिकॉप्टर पहिल्यांदा आले ते निवडणुकीच्या प्रचाराला. धूळ उडू नये म्हणून सकाळपासून शाळेच्या मैदानावर टँकरने पाणी मारणे चालले होते. मधोमध चुन्याने मोठे वर्तुळ आखले होते. शाळा भरलेली होती, पण वर्गात कुणाचेच लक्ष नव्हते. शेवटी हेडमास्तरांनीच घंटा द्यायला लावली आणि आम्ही सगळे कुंपणाला जाऊन चिकटलो. पुढाऱ्यांचे भाषण मला अजिबात आठवत नाही. आठवते ते एवढेच, की खाली येता येता ते यंत्र जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर थांबले. पाच-सात सेकंद ते तिथेच उभे होते. मग हलकेच टेकले.

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या सरांना विचारले, "सर, ते मध्येच थांबले कसे?" सर म्हणाले, "वजन खाली ओढते, पंखा वर उचलतो. दोन्ही बले सारखी झाली, की थांबते." फळ्यावर त्यांनी दोन बाण काढले, एक वर, एक खाली, सारख्या लांबीचे.

उत्तर बरोबर होते. पुढे भौतिकशास्त्र शिकलो, संशोधनाच्या कामात यंत्रांच्या नियंत्रणाशी संबंध आला, तेव्हा लक्षात आले की ते बरोबर असले तरी अर्धेच होते. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीवरही वरचे आणि खालचे बल सारखेच असते. तरी ती उभी राहत नाही. बले समान असणे वेगळे आणि ती समान ठेवता येणे वेगळे. हेलिकॉप्टरचा इतिहास हा या दोन गोष्टींमधल्या अंतराचा इतिहास आहे. ते अंतर ओलांडायला माणसाला सुमारे ३५ वर्षे लागली, आणि आजही हेलिकॉप्टर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते स्वतःच्या हातापायांनी पुन्हा ओलांडावे लागते.

दोन हात, दोन पाय

शिकाऊ वैमानिकासमोर काय काय असते ते आधी पाहू. त्याच्या डाव्या हाताशी एक तरफ असते, तिला कलेक्टिव्ह म्हणतात. ती वर ओढली की मुख्य पंख्याच्या सगळ्या पात्यांचा तिरकेपणा एकदम वाढतो, उचल वाढते आणि यंत्र वर जाते. उजव्या हातात गुडघ्यांमधून वर आलेली दांडी असते, तिचे नाव सायक्लिक. ती ज्या बाजूला कलती करावी त्या बाजूला पंख्याचे चक्र कलते आणि यंत्र तिकडे सरकू लागते. पायांखाली दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीच्या छोट्या पंख्याचा जोर कमीजास्त होतो आणि नाक डावीउजवीकडे वळते.

शेपटीचा पंखा लागतोच कशाला, हे न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना विचारण्यासारखे आहे. इंजिन पंख्याला एका दिशेने फिरवते, तेव्हा पंखा यंत्राच्या धडाला उलट दिशेने फिरवू पाहतो. शेपटीचा पंखा नसेल, तर वैमानिक भोवऱ्यावर बसल्यासारखा गरगर फिरेल.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडचण अशी की या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या नाहीत. समजा, यंत्र जरा खाली येते आहे म्हणून विद्यार्थ्याने कलेक्टिव्ह थोडी वर ओढली. पात्यांचा तिरकेपणा वाढला, हवेचा विरोध वाढला, इंजिनाला जास्त जोर लावावा लागला. त्याबरोबर उलट पीळही वाढला आणि नाक वळू लागले. ते सावरायला त्याने पेडल दाबले. शेपटीच्या पंख्याचा जोर वाढला, पण तो जोर नाकाला वळवता वळवता सबंध यंत्राला बाजूलाही ढकलतो. यंत्र बाजूला सरकू लागले म्हणून त्याने सायक्लिक विरुद्ध बाजूला कलती केली. आता पंख्याचे चक्र कलले, त्याच्या जोराचा थोडा वाटा आडवा गेला, वर उचलणारा वाटा कमी झाला आणि यंत्र पुन्हा खाली येऊ लागले. म्हणजे फिरून गाडी मूळ पदावर! विद्यार्थी पुन्हा कलेक्टिव्हकडे वळतो.

विमान चालवणे तुलनेने सोपे का, तेही यावरून कळते. नीट बांधलेल्या विमानाला हात सोडून थोडा वेळ उडू दिले, तर ते बहुधा सरळच जाते. वाऱ्याने हलले तरी आपोआप सावरते. हवेत उभ्या असलेल्या साध्या हेलिकॉप्टरचे तसे नाही. ते जरा पुढे सरकले, की पुढे येणाऱ्या पात्याला हवा जास्त वेगाने भेटते, मागे जाणाऱ्याला कमी. त्यामुळे पंख्याचे चक्र मागे कलते आणि यंत्र उलटे मागे येऊ लागते. मग तिकडून पुन्हा पुढे. पाळण्यासारखे झोके सुरू होतात. फरक असा, की पाळण्याचा झोका हळूहळू लहान होतो आणि हा मोठा होत जातो. वैमानिकाने सावरले नाही, तर काही झोक्यांतच खेळ संपतो.

काठी आणि पेन्सिल

हे अनुभवायला हेलिकॉप्टर लागत नाही. वर्गातली मीटरपट्टी किंवा तेवढीच काठी उभी करून तळहातावर तोलायला मुलांना सांगा. थोड्या प्रयत्नाने बऱ्याच जणांना जमते. मग तसाच पेन्सिलीचा तोल साधायला सांगा. कुणालाही जमणार नाही.

असे का? काठी कलू लागली, की तिचा कल वाढत जातो. तो किती झपाट्याने वाढतो, हे काठीच्या लांबीवर अवलंबून असते. एक मीटरच्या काठीचा कल सुमारे पाव सेकंदात २.७ पट होतो. १५ सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा तेवढाच कल व्हायला सुमारे ०.१ सेकंद पुरतो. आता मुलांचा प्रतिक्रियाकाल मोजा. एकाने पट्टी टोकाला धरून लोंबती ठेवायची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी बोटे उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता पट्टी सोडली, की दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. बहुधा पट्टी सुमारे २० सेंटिमीटर घसरते. म्हणजे डोळ्याने पाहून बोटे मिटायला साधारण ०.२ सेकंद लागला.

गणित स्पष्ट आहे. काठीची चूक आपल्याला गाठता येते; पेन्सिलीची चूक आपण पाहीपर्यंत हाताबाहेर गेलेली असते.

आता काठी तोलणाऱ्या मुलाकडे नीट पाहा. नवखा मुलगा काठीच्या बुडाकडे, म्हणजे स्वतःच्या हाताकडे बघतो आणि काठी पाडतो. जरा सराव झालेला शेंड्याकडे बघतो. शिवाय नवखा मुलगा काठी कलल्यावर हात जोरात हलवतो. काठी उलट बाजूला कलते. तो आणखी जोरात हात हलवतो. हेलिकॉप्टरच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच होते. दांडी हलवली तरी यंत्राला सरकायला क्षणभर वेळ लागतो. त्याला वाटते, पुरेसे हलवले नाही. तो आणखी हलवतो. तोवर पहिल्या हालचालीचा परिणाम येऊन पोचतो, दुसरीचा मागून येतो, आणि थांबवायला निघालेला माणूस स्वतःच झोके वाढवत बसतो. म्हणून प्रशिक्षक त्याला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात: नजर पायांजवळच्या जमिनीवर नको, लांबच्या झाडावर ठेव, आणि दांडी आवळू नकोस, दोन बोटांनी धर.

सांगून मात्र काही होत नाही. विद्यार्थ्याला सगळे समजलेले असते आणि तरी यंत्र मैदानभर भरकटत असते. प्रशिक्षक मग युक्ती करतात. आधी फक्त पेडल त्याच्याकडे, बाकीचे स्वतःकडे. मग फक्त कलेक्टिव्ह. मग फक्त सायक्लिक. शेवटी तिन्ही एकदम. काही तास अशी ओढाताण झाल्यावर एके दिवशी यंत्र थांबते. काय वेगळे केले, हे त्या विद्यार्थ्याला विचारले तर सांगता येत नाही. पोहायला किंवा सायकल चालवायला शिकलेल्या कुणालाही हा अनुभव परका नाही.

इथे एक प्रश्न उभा राहतो. आजच्या विद्यार्थ्याच्या शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो. मग पहिल्या माणसाला हे कुणी शिकवले?

उडाले, पण हाकता येईना

१९०७ साली फ्रान्समध्ये लुई आणि झाक ब्रेगे या भावांनी शरीरशास्त्राचे प्राध्यापक शार्ल रिशे यांच्या मदतीने चार पंख्यांचे एक यंत्र बनवले. माणसाला घेऊन ते जमिनीवरून थोडेसे उचलले गेले. पण त्याच्या चार टोकांना चार माणसे हातांनी धरून उभी होती. वजन पंखे उचलत होते, तोल ती माणसे सांभाळत होती. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला नॉर्मंडीत पॉल कॉर्नू यांनी आपल्या दोन पंख्यांच्या यंत्रात बसून, कुणी न धरता, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर २० सेकंद राहिल्याचे सांगितले जाते. त्यांच्या २४ अश्वशक्तीच्या इंजिनाला हे खरोखर झेपले असेल का, याबद्दल पुढच्या अभियंत्यांनी शंका घेतली आहे. ते काही असो, तोल सावरण्याचे चांगले साधन त्या यंत्रात नव्हते, यावर दुमत नाही.

कोंडी अशी होती: हाकायला शिकायचे तर हवेत वेळ घालवायला हवा, आणि हवेत वेळ घालवायचा तर आधी हाकता यायला हवे. राइट बंधूंपुढेही ही कोंडी होती. त्यांनी ती ग्लायडरने फोडली. १९०० ते १९०२ अशी तीन वर्षे ते किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवरून इंजिन नसलेल्या ग्लायडरवर झेपा घेत राहिले, १९०२च्या हंगामात तर शेकडो. इंजिन बसवले तेव्हा दोघे भाऊ वैमानिक झालेले होते. हेलिकॉप्टरला मात्र असा ग्लायडर नव्हता. त्याचे इंजिन बंद म्हणजे वर्गच बंद.

नंतरची वीस वर्षे बरेच जण झटले. स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्ये काम करणारे अर्जेंटिनाचे राउल पेस्कारा यांनी पाती फिरता फिरता त्यांचा तिरकेपणा बदलण्याची युक्ती वापरली. सायक्लिक दांडीचे मूळ या कल्पनेत आहे. एप्रिल १९२४मध्ये ते ७३६ मीटर उडाले. स्पेनच्याच हुआन दे ला सिएर्वा यांनी पात्यांना मुळाशी बिजागरी बसवली. पुढे येणारे पाते जास्त उचल मिळाल्यावर थोडे वर जाते, मागे जाणारे खाली येते आणि यंत्र कलंडत नाही. जानेवारी १९२३मध्ये त्यांचे 'ऑटोजायरो' उडाले. त्याच्या डोक्यावरचा पंखा इंजिनावर चालत नसे, वाऱ्याने फिरे. त्यामुळे त्याला हवेत उभे राहता येत नव्हते. पण फिरत्या पंख्याखाली बसून उडण्याचा सराव माणसांना त्यावर मिळाला. हेलिकॉप्टरला उशिरा मिळालेला ग्लायडर म्हणायचा तर तो हाच.

ऑक्टोबर १९३०मध्ये इटलीत कोरादिनो दास्कानियो यांच्या हेलिकॉप्टरने ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहण्याचा उच्चांक केला. हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही, पण यांची दुसरी निर्मिती आपल्या दारात उभी असायची. युद्धानंतर, १९४६मध्ये, पियाजिओ कंपनीने बाजारात आणलेली वेस्पा स्कूटर यांचीच. १९६०च्या दशकात बजाज कंपनीने पुण्याजवळ आकुर्डीला परवान्याने बनवली ती हीच स्कूटर.

जून १९३६मध्ये जर्मनीत हाइनरिख फोके यांचे दोन पंख्यांचे यंत्र उडाले आणि फेब्रुवारी १९३८मध्ये हाना राइच या महिला वैमानिकाने ते बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात लोकांसमोर उडवून दाखवले. छपराखाली, भिंतींच्या आत! हाकता येणारे हेलिकॉप्टर शक्य आहे, याबद्दल आता शंका उरली नाही.

शिक्षक नसलेला विद्यार्थी

इगोर सिकोर्स्की यांचा जन्म १८८९चा, कीव्हचा. विशीत असताना, १९०९ आणि १९१० साली, त्यांनी तिथे दोन हेलिकॉप्टरे बांधली. पहिले हललेच नाही. दुसऱ्याने स्वतःचे वजन उचलले, वैमानिकाचे नाही. सिकोर्स्कींनी तो नाद बाजूला ठेवला आणि ते विमानांकडे वळले. १९१३मध्ये त्यांनी चार इंजिनांचे विमान उडवले. क्रांतीनंतर देश सोडून १९१९मध्ये ते अमेरिकेत पोचले आणि पुढे समुद्रावर उतरणाऱ्या मोठ्या विमानांसाठी त्यांचे नाव झाले. आता आरामात बसायला हरकत नव्हती. पण जुना नाद गेला नव्हता.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी कनेटिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्डच्या कारखान्यात त्यांचे व्हीएस-३०० हे यंत्र पहिल्यांदा जमिनीवरून उठले. वर एक मुख्य पंखा, शेपटीला एक छोटा पंखा, ७५ अश्वशक्तीचे इंजिन आणि उघडा सांगाडा. तो दोरांनी खाली बांधलेला होता. यंत्र जेमतेम काही इंच उठले आणि सुमारे दहा सेकंदांत खाली आले. दांडीवर स्वतः सिकोर्स्की होते, अंगात कोट, डोक्यावर हॅट. त्यांनी पन्नाशी गाठली होती.

पदरी अनुभवी वैमानिक असताना मालकाने स्वतः बसण्याचे कारण काय? मला दिसते ते असे. या वर्गात अनुभवी कुणी नव्हतेच. यंत्र डगमगले, तर दोष यंत्राचा की हाताचा, हे बाहेर उभे राहून कळणार नव्हते. यंत्राला सुधारायचे होते आणि हाताला शिकायचे होते. दोन्ही एकाच वेळी आणि शक्यतो एकाच माणसात.

ते बांधलेले दोर मला फार बोलके वाटतात. दोर असल्यामुळे यंत्र भरकटले तरी उलटत नव्हते, आणि उंची काही इंचच असल्यामुळे आपटले तरी माणूस मरत नव्हता. चूक स्वस्त केली होती. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा करता आली. एक-दोन मिनिटांचे उठणे, मग तासन्‌तास दुरुस्ती, मग पुन्हा उठणे, असा तो अभ्यास होता.

तरी डिसेंबर १९३९मध्ये वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटले आणि मोडले. तेव्हा सिकोर्स्कींनी जे केले त्याला मोठेपणा लागतो. मुख्य पंख्याच्या चक्राला कलते करण्याची, म्हणजे सायक्लिकची, त्यांची व्यवस्था नीट चालत नव्हती. त्यांनी ती चक्क काढून टाकली आणि शेपटीला आणखी दोन आडवे छोटे पंखे जोडले. दिसायला ते बेंगरूळ होते, पण हाकायला सोपे. १३ मे १९४० रोजी यंत्र पहिल्यांदा दोर सोडून उडाले. ते वर जाई, खाली येई, मागे जाई, बाजूला जाई, एका जागी उभे राही. फक्त वेगाने पुढे जायला कुरकुर करी. असे म्हणतात, की यंत्राचा चित्रपट पाहून कुणी तरी नेमके हेच विचारले, तेव्हा सिकोर्स्कींनी हा एक किरकोळ प्रश्न अजून सुटायचा आहे, असे शांतपणे सांगितले.

सैन्यातले फ्रँक ग्रेगरी हे ऑटोजायरोचे जाणकार. जुलै १९४०मध्ये त्यांनीही हे यंत्र चालवून पाहिले. १९४४मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या नावातच घोडा आला!

दोन वर्षांत एकेक आधार काढत नेला. ६ मे १९४१ रोजी यंत्र १ तास ३२ मिनिटे हवेत राहिले आणि जर्मन उच्चांक मोडला गेला. ८ डिसेंबर १९४१ रोजी जादा पंखे जाऊन सायक्लिक पूर्णपणे परत आली होती. एक मुख्य पंखा, एक शेपटीचा पंखा: आज बहुतेक हेलिकॉप्टरे दिसतात ती याच रूपात. जे १९३९मध्ये सोडून द्यावे लागले, तेच १९४१मध्ये जमले. यंत्र सुधारले होते, आणि माणसेही शिकली होती.

यंत्राच्या अंगी थोडे शहाणपण

त्याच सुमारास आर्थर यंग नावाचा गृहस्थ दुसऱ्या टोकाने याच प्रश्नाला भिडला होता. १९२८पासून तो लहान प्रतिकृती बनवून उडवत असे आणि त्या मोडत असत. प्रतिकृतीत माणूस नसतो, त्यामुळे इथेही चूक स्वस्तच होती. यंगने पंख्याच्या खाली, पात्यांशी काटकोनात, दोन टोकांना वजने लावलेला एक दांडा फिरता ठेवला. फिरणारा भोवरा आपली पातळी सहजी सोडत नाही. यंत्र कलले, तरी हा दांडा आपल्या पातळीत फिरत राहतो आणि जोडलेल्या कड्यांमधून पात्यांचा तिरकेपणा असा बदलतो, की यंत्र सावरते. झोके वाढण्याचा वेग त्याने कमी केला. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने पेन्सिलीची काठी केली. बेल कंपनीने १९४१मध्ये त्याला कामावर घेतले आणि त्याच्या कल्पनेतून आलेल्या बेल-४७ या हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचे पहिले प्रमाणपत्र मिळाले.

पहिले वर्ग

सिकोर्स्कींच्या आर-४ या पुढच्या यंत्राचा पहिला नमुना लेस मॉरिस यांनी १४ जानेवारी १९४२ रोजी उडवला. मे महिन्यात तेच ते पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने सुमारे १२०० किलोमीटरवर डेटनला घेऊन गेले. तिथे ऑरव्हिल राइटही हजर होते. आता शिक्षकही होते आणि शेजारी शेजारी दोन जागा असलेले यंत्रही. त्यात कलेक्टिव्ह एकच होती, दोन आसनांच्या मधोमध. विद्यार्थी उजवीकडे बसला, तरच ती डाव्या हाताला येई. आजही बहुतेक हेलिकॉप्टरांत मुख्य वैमानिक उजवीकडे बसतो, विमानात मात्र डावीकडे. त्याचे कारण बरेच जण याच व्यवस्थेत शोधतात. पहिल्या शाळेतली सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ती अशी.

या शिकवणीचे फळ लगेच दिसले. ३ जानेवारी १९४४ रोजी न्यू यॉर्कजवळ 'टर्नर' या युद्धनौकेवर स्फोट झाला. हिमवादळामुळे विमाने उडू शकत नव्हती. तटरक्षक दलाचे फ्रँक एरिक्सन हे हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणाचे प्रमुख. त्यांनी आर-४मधून १४ मिनिटांत जखमींसाठी रक्तद्रव पोचवला.

दुसरी घटना आपल्या जवळची आहे. एप्रिल १९४४च्या अखेरीस ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे एक छोटे विमान पडले. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. तिथे विमान उतरायला जागा नव्हती. आसामातल्या लालाघाटच्या धावपट्टीवर असलेला तरुण लेफ्टनंट कार्टर हार्मन आर-४ घेऊन निघाला. उष्ण हवा विरळ असते. विरळ हवेत पंख्याची उचल घटते आणि इंजिनाची ताकदही. त्यामुळे त्याला एका वेळी एकच माणूस उचलता आला. इंजिन तापले म्हणून मध्ये थांबावेही लागले. तरी चार खेपांत चारही माणसे बाहेर आली. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे वाचवल्याची ही पहिली नोंद. पुढे दहा वर्षांनी, १९५४मध्ये, भारतीय हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर आले, तेही सिकोर्स्कींचेच, एस-५५.

हात नसलेला वैमानिक

आज लग्नाच्या मांडवावर फोटो काढणारा ड्रोन कुणीही हवेत उभा करतो. त्याच्या पोटात कल आणि वेग मोजणाऱ्या चिमुकल्या चकत्या असतात आणि सेकंदाला शेकडो वेळा त्या चुका सावरतात. ०.२ सेकंदाच्या प्रतिक्रियाकालाची अडचण त्यांना नाही. पेन्सिलही त्यांना तोलता येते. १९ एप्रिल २०२१ रोजी 'इन्जेन्युइटी' हे छोटे हेलिकॉप्टर मंगळावर, जिथली हवा आपल्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट आहे, तीन मीटर उंचीवर ३९ सेकंद उडाले. तिथे माणसाच्या हाताचा उपयोगच नव्हता, कारण पृथ्वीवरून संदेश पोचायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटे लागतात. पण त्या यंत्राला जे नियम शिकवले होते, ते आधी माणसांनी चाचपडत, आपटत शोधलेले होते.

मग आता माणसाने कशाला शिकायचे? बऱ्याच नव्या हेलिकॉप्टरांत तोल सावरायला यंत्रणा असते. तरी शिकाऊ वैमानिकाला अजून बहुधा साध्या यंत्रावर बसवतात आणि मैदानाच्या मध्यात एका जागी उभे राहायला सांगतात. यंत्रणा कधी बंद पडेल, हे सांगता येत नाही. जुहूहून उडून भर समुद्रातल्या तेलफलाटावर उतरणाऱ्या वैमानिकाला त्या क्षणी पुस्तक उघडता येणार नाही. त्याचे हात काय शिकले आहेत, तेवढेच कामी येईल.

अशा वेळी मला त्या प्रशिक्षकाचे काम सर्वांत अवघड वाटते. विद्यार्थ्याचे यंत्र भरकटू लागते, तेव्हा त्याचे स्वतःचे हात दांडीपासून दोन बोटांवर असतात. फार लवकर धरली, तर विद्यार्थी कधीच शिकणार नाही. फार उशिरा धरली, तर दोघेही संपतील. किती चूक होऊ द्यायची, हे तो दर सेकंदाला ठरवत असतो. सिकोर्स्कींच्या यंत्राला बांधलेले दोर जे करत होते, तेच तो करतो. वर्गात रोज उभे राहणाऱ्यांना हे मी वेगळे सांगायला नको.

माझ्या सरांनी फळ्यावर काढलेले ते दोन बाण मी अजून विसरलेलो नाही. आता मी मुलांसमोर बोलायला गेलो, की तेच दोन बाण काढतो. मग खडू खाली ठेवतो आणि एकाच्या हातात काठी देतो.